जरा, आयुकर्म आणि सल्लेखना

वार्धक्य हे देहाचे अटळ भवितव्य आहे, की सजीवांनी विशिष्ट परिस्थितीत पत्करलेली एक तडजोड आहे, हा प्रश्न दीर्घकाळ धर्मशास्त्राच्या आणि तत्त्वज्ञानाच्या कक्षेत मोडत होता. गेल्या सुमारे नव्वद वर्षांत तो प्रयोगशाळेतही विचारला जाऊ लागला असून, तेथून येणारी उत्तरे जन्म, जरा आणि मरण यांविषयीच्या पारंपरिक मांडणीला कोठे छेद देतात आणि कोठे तिला स्पर्शही करत नाहीत, हे तपासून पाहणे आवश्यक झाले आहे. अशी तपासणी कोणत्याही परंपरेच्या आधारे करता येईल. परंतु आयुष्याची लांबी कशाने ठरते, ती कमी कशी होते आणि देह केव्हा व कोणत्या मनःस्थितीत सोडावा, या तिन्ही प्रश्नांचा जैन परंपरेने जितका काटेकोर, जवळजवळ हिशेबी विचार केला आहे, तितका अन्यत्र क्वचितच आढळतो, आणि म्हणून प्रस्तुत विवेचनासाठी तीच सर्वाधिक उपयुक्त ठरते.

या विचाराचे मूळ ग्रंथ शुद्ध संपादित स्वरूपात आधुनिक वाचकापर्यंत पोहोचवण्याच्या कार्यात सोलापूरचा वाटा मोठा आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ मध्ये नाशिकजवळच्या गजपंथ क्षेत्री विद्वानांना एकत्र बोलावून विचारविनिमय केला आणि त्यातून जैन संस्कृती संरक्षक संघाची स्थापना झाली. प्रारंभी तीस हजार रुपये आणि पुढे १९४४ मध्ये सुमारे दोन लाख रुपयांची आपली जवळजवळ सर्व मालमत्ता त्यांनी संघाच्या स्वाधीन केली. संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी संपादित केलेला ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत ग्रंथ प्रथम निघाला, आणि १९७८ मध्ये शिवार्यांची ‘भगवती आराधना’ पंडित कैलाशचंद्र शास्त्री यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाली. यांपैकी पहिल्या ग्रंथात विश्वरचनेच्या ओघात निरनिराळ्या कालखंडांतील आयुर्मानाचे तपशील येतात, तर दुसऱ्याचा मुख्य विषयच साधकाचे मरण हा आहे. स्वतः दोशी यांनी १६ जानेवारी १९५७ रोजी समाधिमरणाने, म्हणजे व्रतपूर्वक शांतपणे मृत्यू स्वीकारून, देह ठेवला. ज्या नगरीने आयुष्याच्या मोजमापाचे आणि मरणाच्या विधीचे ग्रंथ छापले, तेथूनच दीर्घायुष्याच्या नव्या विज्ञानाकडे पाहणे त्यामुळे सयुक्तिक ठरते.

विज्ञानाच्या बाजूने पाहता, वय वाढणे आणि वार्धक्य येणे या दोन गोष्टी प्रथम वेगळ्या कराव्या लागतात. वय ही कालगणना आहे. वार्धक्य म्हणजे काळाबरोबर शरीराची कार्यक्षमता घटत जाणे आणि मृत्यूचा धोका चढत जाणे. बेंजामिन गॉम्पर्ट्झ या इंग्रज विमागणितज्ञाने १८२५ मध्येच दाखवून दिले होते की प्रौढपणानंतर माणसाच्या मृत्यूची शक्यता ठराविक अंतराने दुप्पट होत जाते, आणि हे अंतर सुमारे आठ वर्षांचे असते. असे का व्हावे, याचे उत्तर मात्र बराच काळ सापडले नव्हते. अमेरिकेतील लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये असे दाखवले की मानवी शरीरातून काढून बाहेर वाढवलेल्या सामान्य पेशी सुमारे चाळीस ते साठ वेळा विभागतात आणि नंतर थांबतात. गुणसूत्रांच्या टोकांशी असलेले संरक्षक भाग, ज्यांना टेलोमिअर म्हणतात, ते प्रत्येक विभाजनात आखूड होत जातात, हे या थांबण्याचे एक कारण असल्याचे पुढे स्पष्ट झाले. टेलोमिअर आणि ते पुन्हा लांबवणारे विकर यांवरील संशोधनासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु पेशी कशी थकते हे कळल्याने ती का थकते हे कळत नाही. या दुसऱ्या प्रश्नाला उत्क्रांतिशास्त्राने जे उत्तर दिले ते तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. पीटर मेडावार यांनी १९५२ मध्ये असा युक्तिवाद केला की निसर्गात बहुतेक प्राणी अपघात, उपासमार किंवा शिकार यांमुळे तरुणपणीच मरतात, त्यामुळे उतारवयात घातक ठरणारी जनुके निवडीच्या चाळणीतून सहज निसटतात. जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ मध्ये त्यापुढे जाऊन म्हटले की तारुण्यात लाभदायक असलेले जनुक वार्धक्यात हानिकारक असले तरी टिकून राहते, कारण लाभ आधी मिळतो आणि नुकसान नंतर होते. टॉम कर्कवुड यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार सजीवाजवळची ऊर्जा मर्यादित असते आणि ती देहाच्या दुरुस्तीत घालावी की प्रजननात, ही निवड प्रत्येक जातीला करावी लागते. दुरुस्तीत जेवढी हात आखडता घेण्याची वृत्ती, तेवढे वार्धक्य लवकर. या तिन्ही मांडण्यांत एक समान सूत्र आहे: जरा ही कोणी दिलेली शिक्षा नाही, ती कशाचा उद्देशही नाही, ती अन्य कशाच्या तरी लाभाची चुकवलेली किंमत आहे.

या विचाराला महाराष्ट्रातून एक मौलिक भर पडली. जिवाणूंना वार्धक्य नसते, कारण एका जिवाणूचे दोन सारखे भाग होतात आणि त्यांत आई कोण व मूल कोण हे सांगता येत नाही, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. २००५ मध्ये एरिक स्ट्युअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ई. कोलाय या जिवाणूत दाखवले की विभाजनानंतर ज्या पेशीच्या वाट्याला जुने टोक येते तिची वाढ हळूहळू मंदावते. म्हणजे बाहेरून समान दिसणाऱ्या विभाजनातही एक पेशी जुनी आणि दुसरी नवी असते. यावरून वार्धक्य सर्व सजीवांना अटळ आहे, असा निष्कर्ष काढला जाऊ लागला. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक गणिती प्रारूप मांडून या घाईला हरकत घेतली. त्यांच्या मांडणीचे सार असे की, झीज झालेले घटक एकाच कन्यापेशीच्या माथी मारून दुसरीला निर्मळ ठेवणे ही जलद वाढीसाठी फायद्याची युक्ती आहे आणि वार्धक्य हा तिचा परिणाम आहे. उलट जेथे अन्न तुटपुंजे असते आणि वेगापेक्षा मिळालेल्या अन्नाचा पुरेपूर उपयोग अधिक मोलाचा असतो, तेथे झिजेची समान वाटणी व चांगली दुरुस्ती करणारी, आणि म्हणून न म्हातारी होणारी, पेशी सरस ठरू शकते. वार्धक्य हा अशा रीतीने परिस्थितिसापेक्ष पर्याय ठरतो. पुण्यातील एका महाविद्यालयीन विभागातून आलेल्या या निबंधाला मराठी वाचकाकडून जेवढी दखल मिळायला हवी होती तेवढी मिळालेली नाही, हे येथे नोंदवणे भाग आहे. मुंग्यांच्या आणि मधमाश्यांच्या राण्या त्यांच्याच जनुकांच्या कामकरी बहिणींहून कित्येक पट जास्त जगतात, या जुन्या निरीक्षणाचा अर्थही अशा मांडणीमुळे अधिक नीट लागतो.

आता जैन मांडणीकडे वळावे. कर्माचे आठ मूळ प्रकार मानले जातात आणि त्यांपैकी आयुकर्म हे जीवाला एका भवात किती काळ राहायचे आहे हे ठरवते. पुढील भवाचे आयुकर्म चालू भवातच बांधले जाते, आणि ते संपले की जीव त्या देहात क्षणभरही राहू शकत नाही. परंतु या आयुष्याचे दोन वर्ग केलेले आहेत. देव, नारकी, त्याच भवात मोक्षाला जाणारे चरमशरीरी आणि असंख्यात वर्षांचे आयुष्य असलेले जीव यांचे आयुष्य अनपवर्त्य, म्हणजे मध्येच न घटणारे असते, असे उमास्वातींचे ‘तत्त्वार्थसूत्र’ दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी सांगते. सामान्य माणसाचे आणि पशूचे आयुष्य मात्र अपवर्त्य असू शकते. ते विष, वेदना, रक्तक्षय, भय, शस्त्राघात, मानसिक क्लेश, श्वासाचा रोध आणि अन्नाचा रोध अशा बाह्य निमित्तांनी वेळेआधी आटोपते, आणि अशा मृत्यूला दिगंबर ग्रंथांत कदलीघात मरण म्हटले आहे. या सर्व विचारात एक बाब लक्षणीय आहे: आयुष्य कमी होण्याची द्वारे अनेक आहेत, वाढण्याचे एकही नाही. बांधलेले आयुष्य भोगून संपवता येते किंवा अकाली गमावता येते. त्यात भर घालता येत नाही.

हा भेद एका आधुनिक भेदाशी आकाराने विलक्षण जुळतो. स्वातंत्र्याच्या वेळी भारतातील सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते आणि आज ते सत्तरीच्या आसपास पोहोचले आहे. परंतु ही वाढ प्रामुख्याने बालमृत्यू, देवी, पटकी, हिवताप, क्षय, बाळंतपणातील मृत्यू आणि दुष्काळ यांना आवर घातल्यामुळे झाली आहे. या काळात माणसाच्या आयुष्याची कमाल मर्यादा तेवढी पुढे सरकलेली नाही. फ्रान्समधील जान कालमाँ या १९९७ मध्ये १२२ वर्षांच्या होऊन वारल्या आणि त्यानंतर त्यांचा विक्रम मोडलेला नाही. जैन परिभाषेत सांगायचे तर सार्वजनिक आरोग्याने आजवर कदलीघात टाळला आहे; आयुकर्माला हात लावलेला नाही. प्रस्तुत काळाच्या प्रारंभी माणसाचे कमाल आयुष्य १२० वर्षांचे सांगितलेले आढळते, त्यावरून कोणी कालमाँबाईंचा दाखला देऊन शास्त्राची सत्यता सिद्ध करू पाहील. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्याला योगायोगापलीकडे वजन देऊ नये.

कारण या जुळणीला मर्यादा आहेत आणि त्या स्पष्टपणे मांडणे परंपरेच्या अभ्यासकाचेच काम आहे. टीकाग्रंथांत तीन इंद्रियांच्या जीवांचे उत्कृष्ट आयुष्य ४९ दिवसांचे सांगितले आहे आणि मुंगी ही त्या वर्गातली म्हणून गणली जाते. मुंग्यांची राणी मात्र बंदिस्त अवस्थेत वीस वर्षांहून अधिक जगल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे ग्रंथातील अंकांना निरीक्षणाचे विधान मानले तर ते दीर्घायुष्याच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचण्याआधीच अडचणीत येतात. त्याहून खोल अडचण कॅलिफोर्नियातील सिंथिया केनियन यांच्या १९९३ च्या प्रयोगाने निर्माण केली. एक मिलिमीटर लांबीच्या, सुमारे दोन-तीन आठवडे जगणाऱ्या एका कृमीत एकाच जनुकात बदल असला की त्याचे आयुष्य दुप्पट होते आणि तो अधिक काळ चपळही राहतो, असे त्यांनी दाखवले. येथे कोणताही कदलीघात टळलेला नाही; सुरक्षित, पोसलेल्या, निरोगी जीवाची मुदतच वाढली आहे.

यावर परंपरेच्या वतीने एक झटपट उत्तर दिले जाते: त्या कृमीचे आयुकर्मच तेवढे होते, जनुकातील बदल हे केवळ निमित्त. हे उत्तर खोडून काढता येत नाही, परंतु तेच त्याचे वैगुण्य आहे. जे विधान कोणत्याही निरीक्षणाने चूक ठरू शकत नाही ते निरीक्षणाविषयी काहीच सांगत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात हाच पेच निराळ्या बाजूने सोडवलेला आहे. सर्वांचे आयुष्य नियतच असते तर औषधांची, पथ्याची आणि हिंस्र पशूंपासून दूर राहण्याची गरजच उरली नसती, असा युक्तिवाद तेथे येतो, आणि दैव व पुरुषकार या दोहोंच्या बळाबळावर आयुष्याचे मान अवलंबून असल्याचे प्रतिपादन केले जाते. जैन कर्मविचाराने पुरुषार्थाला मोक्षमार्गात सर्वोच्च स्थान दिले आणि आयुष्याच्या कमाल मर्यादेत मात्र त्याला वाव ठेवला नाही. हे त्याचे मत आजच्या जीवशास्त्राशी जुळत नाही, असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल. असे म्हटल्याने परंपरेचा गाभा ढासळतो काय, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर सल्लेखनेच्या, म्हणजे आहार क्रमाने सोडत मृत्यूला सामोरे जाण्याच्या व्रताच्या, विचारात शोधावे लागते.

तत्पूर्वी उपवासाविषयी काही सांगणे आवश्यक आहे, कारण विज्ञान आणि परंपरा यांची सर्वाधिक गफलत याच ठिकाणी होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ मध्ये दाखवले की पोषणद्रव्ये पुरेशी देऊन केवळ एकूण आहार घटवला तर उंदरांचे आयुष्य लक्षणीय प्रमाणात वाढते. पुढे यीस्ट, कृमी, माश्या आणि उंदीर या सर्वांत हा परिणाम वारंवार दिसला. रीसस माकडांवरील दोन दीर्घ अमेरिकी अभ्यासांची फलिते मात्र प्रथम परस्परविरुद्ध आली, आणि आहाराची रचना व वजने यांतील फरक लक्षात घेऊन त्यांचा मेळ २०१७ मध्ये घालण्यात आला. माणसांवरील दोन वर्षांच्या एका प्रयोगात आहार २५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात सुमारे १२ टक्केच कमी झाला. रक्तदाब आणि चरबी यांच्या मापनांत सुधारणा दिसली, परंतु दोन वर्षांच्या प्रयोगातून माणसाचे आयुष्य वाढते असे सिद्ध होऊ शकत नाही. अन्न कमी मिळाले की पेशी स्वतःतील जीर्ण घटक मोडून वापरते, या स्वभक्षणाच्या क्रियेवरील कामासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाल्यापासून तर प्रत्येक धर्मातील उपवासाला विज्ञानाची मोहोर उमटल्याचा गाजावाजा सुरू झाला. ओसुमी यांचे मूळ काम यीस्टवर होते, चातुर्मासावर नव्हते.

जैन परंपरेतील सहा बाह्य तपांमध्ये अनशनाच्या पाठोपाठ अवमौदर्य येते. पोट पूर्ण न भरता, भुकेपेक्षा काही घास कमी खाणे असा त्याचा अर्थ आहे. मॅके यांच्या पिंजऱ्यातील उंदीर आणि अवमौदर्य पाळणारा श्रावक यांच्या पोटात घडणारी क्रिया बहुधा सारखीच असेल. परंतु तपाचे फळ निर्जरा, म्हणजे बांधलेली कर्मे झडून जाणे, हे सांगितले आहे. आयुष्य वाढावे या इच्छेने केलेले अवमौदर्य शरीराला लाभले तरी तप म्हणून वायाच जाते. उपवासाचे समर्थन आरोग्यशास्त्राच्या भाषेत करणारे उपदेशक ज्या वस्तूचे रक्षण करू पाहतात तीच हातची घालवतात, असे म्हणावे लागते.

सल्लेखना म्हणजे काया आणि कषाय, अर्थात क्रोध, मान, माया व लोभ, यांना सम्यक रीतीने कृश करत जाणे. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त तिचे प्रसंग सांगितले आहेत: उपसर्ग म्हणजे ओढवलेले संकट, दुर्भिक्ष, जरा आणि रोग. परंतु या चारही प्रसंगांना एक अट जोडलेली आहे, आणि ती अट अशी की संकट निष्प्रतीकार, म्हणजे ज्यावर उपायच नाही असे, असले पाहिजे. ही अट सामान्यतः वाचकाच्या नजरेतून सुटते, वास्तविक सर्व सिद्धांत तिच्यावर उभा आहे. पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’त तिचे स्पष्टीकरण व्यापाऱ्याच्या दृष्टांताने केले आहे. मौल्यवान माल साठवलेल्या व्यापाऱ्याला आपले घर नष्ट व्हावे असे वाटत नाही. आग लागली तर तो प्रथम घर वाचवण्याचीच शिकस्त करतो, आणि ते वाचत नाही असे दिसल्यावर मात्र घराचा मोह सोडून आतला माल सुरक्षित बाहेर काढतो. देह हे घर, व्रते आणि शील हा माल. आत्मघात आणि सल्लेखना यांतील भेद या दृष्टांताइतका नेमकेपणाने क्वचितच कोणी मांडला असेल.

या निकषाचे ठळक उदाहरण सोलापूरच्या शेजारीच घडले. बेळगाव जिल्ह्यातील भोज परिसरात १८७२ मध्ये जन्मलेले आणि विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला नवे चैतन्य देणारे आचार्य शांतिसागर यांची दृष्टी उतारवयात क्षीण झाली. दिगंबर मुनीला वाटेवरचा सूक्ष्म जीव पाहून पाऊल टाकावे लागते आणि ओंजळीत पडलेला घास निरखून घ्यावा लागतो. दृष्टी गेली की अहिंसाव्रताचे पालन अशक्य होते. त्यांनी बार्शीपासून जवळ असलेल्या, आज धाराशिव जिल्ह्यात मोडणाऱ्या कुंथलगिरी या सिद्धक्षेत्री १४ ऑगस्ट १९५५ रोजी सल्लेखना आरंभली आणि १८ सप्टेंबर रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांनी देह सोडला तो वय झाले म्हणून नव्हे. ज्या कामासाठी देह होता ते काम त्याच्याकडून होईनासे झाले म्हणून.

येथे वार्धक्याच्या जीवशास्त्राचा सल्लेखनेशी खरा संबंध येतो. जे एका पिढीत निष्प्रतीकार होते ते पुढील पिढीत सप्रतीकार होऊ शकते. आज मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत येते आणि तशी ती येत असता त्या कारणाने सल्लेखना घेणे समंतभद्रांच्याच अटीत बसणार नाही. स्नायूंची झीज, स्मृतिभ्रंश, हाडांचा ठिसूळपणा यांवर उद्या उपाय निघाले तर जरा हा प्रसंगही तेवढ्या अंशाने मागे सरेल. म्हणजे परंपरेने सल्लेखनेची सीमा एखाद्या वयावर आखलेली नाही; ती उपायाच्या असण्या-नसण्यावर आखली आहे आणि म्हणून ती सीमा संशोधनाबरोबर सरकू शकते. घर वाचवण्याची शिकस्त हा दृष्टांताचा पहिला अर्धा भाग आहे आणि प्रयोगशाळा तेच काम करते. आयुकर्माची कमाल मर्यादा चुकीची ठरली तरी सल्लेखनेचा विचार त्यामुळे कोसळत नाही, तो याच कारणाने.

२०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा, म्हणजे श्वेतांबर परंपरेतील हेच व्रत, आत्महत्येच्या प्रयत्नासमान ठरवले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. त्या वेळच्या वादात धार्मिक स्वातंत्र्य आणि जीविताचा हक्क यांवर पुष्कळ बोलले गेले. उपायाच्या अटीवर मात्र फारसे नाही. ही अट गांभीर्याने घेतली असती तर व्रताच्या समर्थकांना प्रत्येक प्रकरणात उपचाराची शक्यता तपासण्याची जबाबदारी स्वीकारावी लागली असती, विशेषतः जेथे व्रती व्यक्ती वृद्ध, परावलंबी आणि घरच्यांच्या इच्छेपुढे दुबळी असेल तेथे. समर्थकांनी ती जबाबदारी टाळणे हे परंपरेच्या हिताचे नाही.

‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सातव्या अध्यायात सल्लेखनेचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत. त्यांत पहिला जीविताशंसा, आणखी जगावे ही आस, आणि दुसरा मरणाशंसा, लवकर मरण यावे ही आस. त्यानंतर मित्रांविषयीची ओढ, भोगलेल्या सुखांचे स्मरण आणि पुढील जन्मी काही मिळावे ही मागणी. जगण्याची आणि मरण्याची इच्छा एकाच पंक्तीत बसवणारी ही यादी दीर्घायुष्याच्या संशोधनाविरुद्ध वापरण्याचा मोह होतो, परंतु तो आवरला पाहिजे, कारण हे दोष व्रत घेतलेल्याचे आहेत. रुग्णालयात बरे होऊ पाहणाऱ्या गृहस्थाचे नाहीत. जेव्हा मृत्यूच नाहीसा करण्याची भाषा केली जाते आणि अमेरिकेतील काही धनाढ्य उद्योजक तिला भांडवल पुरवतात, तेव्हा मात्र ही यादी प्रस्तुत होते. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अनंत आयुष्य शेवटी कंटाळवाणे होईल असा आक्षेप घेतला होता. जैन आक्षेप याहून कठोर आहे. आयुष्य कंटाळवाणे होणार नाही, ते गोडच लागत राहील, आणि नेमकी हीच अडचण आहे. हजार वर्षे जगलेल्या माणसाचे कषाय हजार वर्षांचे झालेले असतील. महाराष्ट्रातील चांगदेवांच्या कथेतही चौदाशे वर्षे टिकवलेला देह तरुण ज्ञानदेवांपुढे नमतो, ते याच निवाड्यामुळे.

परंतु अमरत्वाची चर्चा सोलापुरात फार वेळ करणे शोभणारे नाही. येथील हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात; तंबाखूची भुकटी त्यांच्या श्वासात, बोटांत आणि झोपायच्या खोलीत असते. यंत्रमागांवर उभे राहणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत कापसाची तूस जाते. जुनाट दाह हे वार्धक्याचे एक मान्यताप्राप्त लक्षण आहे आणि धूळ, तंबाखू, अपुरी झोप व सततची विवंचना हे सर्व त्याला खतपाणी घालतात. श्वासाचा रोध, अन्नाचा रोध, वेदना आणि मनाचा क्लेश ही आयुष्य तोडणाऱ्या निमित्तांची जुनी यादी या वस्त्यांत ओळीने लागू पडते. अशा ठिकाणी म्हातारपण पन्नाशीतच येते, आणि ते कर्माचे फळ म्हणून स्वीकारायला सांगणे हा शास्त्राचा दुरुपयोग आहे, कारण ज्या शास्त्राने आयुष्य बाह्य निमित्ताने तुटते असे सांगितले त्यानेच ते निमित्त दूर करण्याचे कर्तव्यही सूचित केले आहे.

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. या दोन संस्थांनी मिळून विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वार्धक्याचा, त्यांच्या फुप्फुसांचा, रक्तातील दाहाच्या खुणांचा आणि टेलोमिअरच्या लांबीचा, किमान वीस वर्षे चालणारा अभ्यास हाती घ्यावा, आणि त्याचा खर्च अंशतः उचलण्याचे आवाहन जीवराज दोशींचा वारसा सांगणाऱ्या या शहरातील दानशूर व्यापारी समाजाला करावे. आयुष्याची कमाल मर्यादा शंभर आहे की दीडशे, याचा निकाल अन्यत्र लागेल. सोलापूरजवळच्या कुंभारी येथील विडी कामगारांच्या वसाहतीत वळल्या जाणाऱ्या विडीने किती वर्षे तोडली जातात, हे सोलापूरनेच मोजले पाहिजे.